साहाय्य-कक्षाचे कंत्राट देताना

मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आणि कारकुनापासून साहेबापर्यंत सर्वांचे दप्तर संगणकावर, अशा स्थितीत संगणक-दुरुस्तीचे व साहाय्याचे काम खाजगी संस्थेकडे सोपविण्यावाचून सरकारी कार्यालयांना आज गत्यंतर उरलेले नाही. एका जिल्हा कार्यालयात अशा करारनाम्यांचा अंमल मी दीर्घकाळ जवळून पाहिला. तो अनुभव नव्याने निविदा काढणाऱ्यांच्या उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने हे लिहितो.

आमच्या करारात तंत्रज्ञांची संख्या, कार्यालयीन वेळ आणि हजेरीपट यांचा तपशील काटेकोर होता. तक्रार निवारली असे केव्हा मानावे, याविषयी मात्र चकार शब्द नव्हता. त्याचे फळ मार्चअखेरीस दिसे. पीएफएमएस या सरकारी निधी-वितरण प्रणालीवर रकमा प्रदान करण्याची घाई चालू असताना अधिकाऱ्याच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणक ओळखेनासा होई. तंत्रज्ञ येई, टोकन काढून मागच्या पोर्टमध्ये घाली, ड्रायव्हर पुन्हा टाकी, आणि पडद्यावर टोकन दिसताच कॉल बंद करून पुढच्या टेबलाकडे वळे. स्वाक्षरी मात्र उमटलेली नसे. कारकून पुन्हा तक्रार करी, ती नवी म्हणून नोंदली जाई, आणि महिनाअखेर दोन्ही तक्रारी मुदतीत निवारल्याचा अहवाल जोडलेले देयक बिनकपात मंजूर होई. म्हणून तक्रारदाराने होकार दिल्यावाचून कॉल बंद होऊ नये, तोच बिघाड आठवड्याच्या आत उद्भवल्यास जुनीच तक्रार चालू समजावी आणि विलंबाची कपात त्याच महिन्याच्या देयकातून व्हावी, ही कलमे करारात स्पष्ट शब्दांत असावीत.

दुसरी गोष्ट वेतनाची. किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांचा हिशेब मांडला असता ज्या दरात काही शिल्लकच राहत नाही, तो दर केवळ न्यूनतम म्हणून स्वीकारला, की त्याची झळ अखेर तंत्रज्ञाच्या घराला लागते. आमच्याकडे संस्थेची देयके वेळेवर निघत असतानाही तंत्रज्ञ मुलांचे पगार थकले. आणि पगार थकलेल्या माणसाकडून तत्परतेची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमाच्या कलम २१ ने ठेकेदाराने चुकविलेले वेतन देण्याचे दायित्व मुख्य मालकावर, म्हणजे कार्यालयावर, टाकले होते. तेव्हा प्रत्येक देयकासोबत मागील महिन्याचे वेतन बँकेत जमा झाल्याचा पुरावा व निधीचे चलन मागावे, आणि त्याची खातरजमा झाल्यावाचून रक्कम अदा करू नये.

तिसरी गोष्ट ज्ञानाच्या मालकीची. ठेका बदलला तेव्हा सर्व्हरचे पासवर्ड आणि कोणती केबल कोणत्या स्विचला गेली आहे याची माहिती एकाच तरुणाजवळ होती. तो गेला, आणि नव्या संस्थेची माणसे छताखालच्या केबली हाताने चाचपत राहिली. केबलींचा नकाशा, आयपी पत्त्यांची यादी आणि यंत्रांची नोंदवही ही कार्यालयाची मालमत्ता आहे, असे करारात लिहावे. पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात राजपत्रित अधिकाऱ्याच्या ताब्यात ठेवावेत आणि माणूस बदलताच तेही बदलावेत. रीतसर हस्तांतरण पूर्ण होईपर्यंत सुरक्षा अनामत मोकळी करू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळविणे कार्यालयावर बंधनकारक आहे. अशी घटना प्रथम पाहणारा बहुधा हाच तंत्रज्ञ असल्याने, त्याने कोणाला तत्काळ कळवावे, त्या अधिकाऱ्याचे पदनामही करारात हवे.

या सर्वांचे तात्पर्य असे, की श्रम कंत्राटाने देता येतात, उत्तरदायित्व देता येत नाही. कारण संगणक बंद पडून ज्या लाभार्थ्याचे अनुदान अडते, तो दाद मागायला ठेकेदाराकडे जात नाही, कार्यालयाकडेच येतो. म्हणून या विषयाची जाण असलेला निदान एक तरी स्वतःचा कर्मचारी प्रत्येक कार्यालयाने राखावा, आणि निविदेचा मसुदा मंजुरीस पाठविण्यापूर्वी, रोज तक्रारी नोंदविणाऱ्या कारकुनांपुढे तो ठेवून त्यांचे म्हणणे अवश्य ऐकावे.