फ्रिजमधला वायू कसा बदलला?

हातावर स्पिरिटचे दोन थेंब टाका आणि फुंकर घाला. (जवळ दिवा किंवा शेगडी पेटलेली नको.) हात गार लागेल. द्रवाची वाफ होताना ती हातातली उष्णता घेऊन जाते. फ्रिजमध्येही हेच घडते. आतल्या नळीत द्रवाची वाफ होते व ती अन्नातली उष्णता शोषते. काँप्रेसर ही वाफ दाबतो. मग ती उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रव बनते. या पदार्थाला प्रशीतक म्हणतात.

पूर्वी प्रशीतक म्हणून क्लोरोफ्लुरोकार्बन वापरीत. त्यामुळे ओझोनचा थर नष्ट होऊ शकतो, असे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवले. १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याच्यावर बंधने आली. मग कारखानदारांनी १३४-ए हा वायू निवडला. तो ओझोनला धक्का लावीत नाही. पण वातावरण तापवण्यात तो, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी! म्हणजे आगीतून फुफाट्यात.

याला ग्रीनपीस या संघटनेने विरोध केला. पण 'हे नको' म्हटल्यावर 'मग काय हवे?' हा प्रश्न येतोच. जर्मनीत डॉर्टमुंडच्या शास्त्रज्ञांनी प्रोपेन व ब्युटेनवर, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूंवर, फ्रिज चालवून पाहिला होता. १९९२ साली ग्रीनपीसने शार्फेनस्टाइन गावच्या कारखान्याकडून असे दहा फ्रिज करवून घेतले. हा कारखाना डबघाईला आला होता आणि सरकारी संस्था तो बंद करणार होती. संघटनेने लोकांकडून सुमारे ७०,००० फ्रिजांची आगाऊ मागणी मिळवली. कारखाना तेव्हा तगला.

'हा वायू पेट घेईल,' असे इतर कारखानदार म्हणाले. शंका रास्त होती. मात्र घरगुती फ्रिजला हा वायू थोडे ग्रॅमच लागतो. सुरक्षा-तपासणीत फ्रिज उतरला आणि १९९३ मध्ये उत्पादन सुरू झाले. पद्धत सर्वांना खुली ठेवल्यामुळे विरोध करणारे कारखानदारही त्याच वाटेने आले. स्पर्धेत मूळ कारखाना मात्र १९९६ साली बुडाला. त्याची पद्धत जगभर पसरली.

पाहिलेत ना? शास्त्रज्ञांचे ज्ञान, कारखान्याचे हात, सुरक्षेची तपासणी आणि ग्राहकांची मागणी एकत्र आली, तेव्हा विरोधाला फळ आले.

करून पाहा : घरच्या फ्रिजवरची माहितीपट्टी वाचा. 'आर-६००ए' म्हणजे आयसोब्युटेन, ब्युटेनचाच भाऊ. तो किती ग्रॅम आहे, तेही वहीत टिपा.