विषाणूंची कुळे आणि त्यांची बदलती नावे

पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ साली 'विषाणू संशोधन केंद्र' म्हणून स्थापन झाली. १९७८ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिचे एक संकुल आपल्या मुळशी तालुक्यालगत, पाषाणहून सूसकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या संस्थेच्या संशोधकांनी १९६५ साली नागपूर येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा केला आणि तेथील वस्तीच्या नावावरून त्याला 'चांदीपुरा' असे नाव दिले. पुढे २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली. तिचा संबंध याच विषाणूशी जोडला गेला. त्या साथीत ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली.

नवा विषाणू सापडला की शास्त्रज्ञांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो : हा कोणत्या कुळातला? पूर्वी याचे उत्तर सूक्ष्मदर्शकात दिसणाऱ्या आकारावरून आणि रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्यांवरून शोधत. आज मुख्य आधार जनुकीय क्रमाचा असतो. १९६६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय समिती हे वर्गीकरण ठरवते. कुल, प्रजाती आणि जाती अशा त्याच्या पायऱ्या आहेत. येथील 'जाती' हा जीवशास्त्रातील शब्द आहे. माणसांवर लादलेल्या जातीशी त्याचा संबंध नाही. ही जाती पुराव्यावर ठरते आणि नवा पुरावा आला की बदलते.

चांदीपुराचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा आहे. म्हणून तो 'ऱ्हॅब्डोव्हिरिडी' कुळात मोडतो. ग्रीक भाषेत 'ऱ्हॅब्डोस' म्हणजे काठी. रेबीजचा विषाणूही याच कुळातला. परंतु रेबीजची प्रजाती 'लिसाव्हायरस', तर चांदीपुराची 'व्हेसिक्युलोव्हायरस'. गुरांच्या व घोड्यांच्या तोंडात फोड आणणारा विषाणू या दुसऱ्या प्रजातीत येतो. पालकांनी येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. कुल एक असले तरी रोग एक नसतो. रेबीज जनावराच्या चाव्यातून येतो आणि लस वेळेवर घेतली तर टळतो. चांदीपुरा वाळूमाशीच्या दंशातून पसरतो आणि रेबीजची लस त्यावर उपयोगी नाही. त्यापासून बचाव करायचा तर भिंतींच्या भेगा बुजवणे, परिसर स्वच्छ ठेवणे व मच्छरदाणी वापरणे हेच उपाय हाती आहेत.

२०२१ साली समितीने प्रत्येक विषाणू-जातीला दोन पदांचे नाव देण्याचा नियम स्वीकारला. वनस्पती व प्राण्यांना अशी नावे फार पूर्वीपासून आहेत. त्यानुसार चांदीपुराच्या जातीचे नाव 'व्हेसिक्युलोव्हायरस चांदीपुरा' झाले. नागपूरच्या त्या वस्तीचे नाव अशा रीतीने जगाच्या शास्त्रीय कोशात कायम राहिले. डेंग्यूच्या प्रजातीचे 'फ्लेविव्हायरस' हे नावही बदलून 'ऑर्थोफ्लेविव्हायरस' करण्यात आले. कारण कुळातील सर्वच विषाणूंना सैलपणे 'फ्लेविव्हायरस' म्हटले जाई आणि कुल कोणते, प्रजाती कोणती, याचा घोळ होई.

याच प्रजातीत आपल्या सिंधुदुर्गात आढळलेल्या माकडतापाचा विषाणू आहे. हा रोग १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेला. माकडे त्याला बळी पडतात आणि माणसाला तो प्रामुख्याने गोचिडीच्या चाव्यातून होतो. तरीही लोकांच्या तोंडी असलेल्या नावामुळे सगळा दोष माकडाच्या माथी येतो. चुकीचे नाव चुकीच्या उपायाकडे नेते. माकडाला हाकलून गोचीड जात नाही.

नावाचा डाग माणसांनाही लागतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले की नव्या रोगाला प्रदेशाचे, समाजाचे, व्यक्तीचे किंवा प्राण्याचे नाव देऊ नये. २०२२ साली याच विचाराने 'मंकीपॉक्स' या रोगाचे नाव 'एमपॉक्स' करण्यात आले. रोग मात्र तोच राहिला.

ज्या शास्त्रात नाव आणि वर्ग पुन्हा तपासता येतात, ते शास्त्र सजीव असते. आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकातील नावे पाठ करायला लावताना, ती कोणत्या पुराव्यावर ठरली, हा प्रश्नही त्यांना विचारू द्यावा.