उत्रेख्तचे डॉम चर्च : एका वास्तूचे धर्मांतर

प्रस्तावना

मागील घटकात आपण धर्मसुधारणेची वैचारिक बाजू अभ्यासली. या घटकात ती एका इमारतीत शिरून पाहावयाची आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त शहरातील डॉम चर्चचा उल्लेख पुष्कळदा ‘मध्ययुगीन प्रॉटेस्टंट चर्च’ असा होतो. हा शब्दप्रयोग क्षणभर थांबून तपासा. प्रॉटेस्टंट पंथ उदयास आला तो सोळाव्या शतकात. मग मध्ययुगीन चर्च प्रॉटेस्टंट कसे? उत्तर सोपे आहे : बांधले कॅथॉलिकांनी, वापरले पुढे प्रॉटेस्टंटांनी. परंतु ‘वापरले’ या एका क्रियापदात किती मोडतोड, किती तडजोड आणि किती सातत्य सामावले आहे, हे समजून घेणे हाच या पाठाचा विषय आहे.

विषय-विवेचन

उत्रेख्त हे बिशपचे पीठ होते आणि हे चर्च संत मार्टिन यांना अर्पण केलेले होते. 1253 च्या आगीत शहराबरोबर जुन्या चर्चचीही हानी झाली. पुढच्याच वर्षी, 1254 मध्ये, फ्रेंच गॉथिक शैलीतील नव्या वास्तूचे काम सुरू झाले. आरंभ पूर्वेकडून, म्हणजे वेदीच्या बाजूने झाला. पश्चिमेकडील मनोरा 1321 ते 1382 या काळात उभा राहिला. सुमारे 112 मीटर उंचीचा हा मनोरा आजही नेदरलँड्समधील सर्वांत उंच चर्चमनोरा आहे. वेदीभाग आणि मनोरा यांना जोडणारा मधला मंडप मात्र सर्वांत शेवटी बांधला गेला आणि तेथेच पैसा अपुरा पडला. गॉथिक वास्तूत उंच, सडपातळ भिंतींना बाहेरून कमानींचा टेकू दिलेला असतो. या मंडपाला तसा टेकू मिळाला नाही. वर दगडी घुमटछतही झाले नाही. ही उणीव लक्षात ठेवा, तिचे काम पुढे आहे.

चर्चलगतच्या सभागृहात 23 जानेवारी 1579 रोजी उत्रेख्तचा करार झाला. स्पेनच्या राजाविरुद्ध उत्तरेकडील प्रांतांना एकत्र आणणारा हा करार पुढील डच प्रजासत्ताकाचा पाया ठरला. धर्मश्रद्धेवरून कोणाचाही छळ होऊ नये, असे तत्त्व त्यात नमूद होते. आणि पुढच्याच वर्षी, 1580 मध्ये, याच शहरात कॅथॉलिकांच्या सार्वजनिक उपासनेवर बंदी आली! कागदावरील तत्त्व आणि रस्त्यावरील व्यवहार यांतील हे अंतर इतिहासाच्या विद्यार्थ्याने नजरेआड करू नये.

डॉम चर्च आता सुधारित पंथाच्या ताब्यात आले. मूर्ती फोडल्या गेल्या. 1919 मध्ये येथील एका भिंतीआड दडलेले कोरीव वेदीशिल्प सापडले. त्यातील आकृतींचे चेहरे नेमके छाटलेले आहेत. वस्त्रांच्या चुण्या मात्र पुष्कळशा शाबूत आहेत. यावरून मूर्तिभंजकांचा रोख ध्यानी येतो. दगडाशी त्यांचे वैर नव्हते. ज्या चेहऱ्याकडे पाहून भाविक हात जोडत असे, तो चेहरा त्यांना नको होता.

उपासनेचा केंद्रबिंदूही हलला. वेदीकडे तोंड करून उभे राहण्याऐवजी लोक प्रवचनपीठाभोवती बसू लागले. पूर्वी जेथे मुख्य वेदी होती, तेथे आज नौसेनानी विलेम योसेफ फान खेंट यांचे संगमरवरी स्मारक आहे. ते 1672 च्या सोलबेच्या लढाईत मारले गेले. संताच्या जागी राष्ट्रवीर आला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तथापि सर्वच बदलले, असे समजू नका. चर्चच्या जमिनींचे उत्पन्न खाणारे कॅननांचे मंडळ बरखास्त झाले नाही. ती पदे प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट घराण्यांकडे गेली आणि ही व्यवस्था 1811 पर्यंत टिकली. श्रद्धा बदलली, उत्पन्नाच्या वाटा बदलल्या नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते या पाठातील सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे.

1672 मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या सैन्याने शहर घेतले आणि डॉममध्ये पुन्हा कॅथॉलिक उपासना सुरू झाली. 1673 च्या अखेरीस फ्रेंच परतले, तशी वास्तूही परत प्रॉटेस्टंटांकडे आली. त्यानंतर वर्षही पुरते लोटले नव्हते, तोच 1 ऑगस्ट 1674 रोजी भयंकर वादळ झाले आणि आधार नसलेला तो मधला मंडप कोसळला. मनोरा व वेदीभाग उभेच राहिले. हेर्मान साफ्टलेफेन या चित्रकाराने त्या अवशेषांची रेखाटने केली. ती आज फार मोलाचे साधन ठरली आहेत.

ढिगारा पूर्णपणे हटला तो 1826 मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी. एवढा विलंब का? युद्धाने शहर खंगले होते, हे एक कारण संभवते. दुसरे असे की, प्रवचन ऐकण्यापुरता उरलेला भाग पुरेसा होता; मिरवणुकांसाठी लांबलचक मंडपाची गरज उरली नव्हती. हे अनुमान आहे, ते तपासून पाहा. मंडपाच्या जागी आज मोकळा चौक आहे. फरसबंदीत जुन्या मंडपाची रूपरेषा आखलेली असून लोक तीवरून सहज ये-जा करतात. ज्या सभागृहात करार झाला, ते आता 1636 साली स्थापन झालेल्या विद्यापीठाचे दालन आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. मंडप कोसळण्याचे कारण केवळ वादळ होते काय? वास्तूच्या बांधणीचा क्रम लक्षात घेऊन उत्तर लिहा.

2. छाटलेले चेहरे आणि टिकून राहिलेले कॅननांचे मंडळ या दोन पुराव्यांपैकी धर्मसुधारणेचे स्वरूप तुम्हांला कोणता अधिक स्पष्ट करतो? सकारण चर्चा करा.