इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि आपला ठेका

‘इलेक्ट्रॉनिक संगीत’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे परदेशातील एखादी रंगीत दिव्यांची नृत्यशाळा उभी राहते. हे संगीत आपले नव्हे, ते कोणीतरी बाहेरून आणले, अशी एक समजूत आहे. वास्तविक आमच्या उमेळ्यासारख्या वसई तालुक्यातल्या गावात आज हळदीच्या रात्री जे वाजते, त्यातला अर्ध्याहून अधिक भाग इलेक्ट्रॉनिकच असतो. कीबोर्ड, ऑक्टापॅड, विजेवर चालणारा बेंजो आणि अलीकडे खिशातला मोबाइल. मी स्वतः गेली चार वर्षे एका बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. संगीतशास्त्राचा मी पदवीधर नव्हे. परंतु ही वाद्ये कशी चालतात आणि त्यांच्या चालण्याचा आपल्या गाण्यांवर काय परिणाम होतो, याचा थोडा अभ्यास केला आहे. तो येथे मांडतो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. १९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्यातल्या पुंगीने सारा देश डोलला. ती पुंगी नव्हतीच. संगीतकार हेमंतकुमार यांच्यासाठी कल्याणजी यांनी ती क्लॅव्हायोलिन या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे मुंबईच्या ध्वनिमुद्रण-कक्षात इलेक्ट्रॉनिक सूर येऊन आज सत्तर वर्षे उलटली. पुढे १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरसह एक स्वतंत्र स्टुडिओ उभा राहिला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारून दिला होता. चित्रपटसृष्टीत केरसी लॉर्ड यांच्यासारख्या वादकांनी मूगचा वापर केला. आणि १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, समोर ठेवून दहा रागांची एक तबकडी केली. तेव्हा ती फारशी कोणी विकत घेतली नाही. पाच वर्षांनी, १९८७ साली, शिकागोत त्याच टीबी-३०३ यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रकार निघाला आणि जगभर गाजला. चरणजित सिंग यांची तबकडी २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले. २०१५ साली ते मुंबईतच वारले.

बेंजोचे कूळ तर आणखी गमतीचे आहे. नाव अमेरिकन वाद्याचे, पण वाद्य मूळचे जपानी. १९१२ साली नागोया शहरात ताइशोगोतो नावाचे तारवाद्य निघाले, त्याला टंकलेखन यंत्रासारखी बटणे होती. तेच आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले आणि तारांखाली चुंबक बसवून विजेवर चढले तेव्हा बेंजो झाले. कोकणपट्टीतल्या मिरवणुकांत त्याच्याशिवाय पान हलत नाही. तेव्हा बाहेरचे आणि आपले हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे, त्याकडे वळण्यापूर्वी यंत्राच्या पोटात काय आहे ते पाहावे लागेल.

यंत्रातून सूर निघण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट सूर घडवण्याची. एक विद्युत्-मंडल ठरावीक वेगाने कंप पावते. सेकंदाला ४४० कंप झाले की ‘ए’ हा स्वर मिळतो. हा कच्चा सूर कानाला भुंग्यासारखा लागतो. मग त्यातले काही भाग गाळून टाकतात, हे काम फिल्टर करतो. शेवटी सुराला आकार देतात : तो किती झटकन उठावा, उठल्यावर किती खाली यावा, किती वेळ टिकावा आणि कसा विरावा. घंटेचा नाद एकदम उठतो आणि दीर्घकाळ विरत राहतो. सनईचा सूर फुंक असेपर्यंत टिकतो आणि फुंक थांबली की संपतो. (घंटेचे उदाहरण वसईकराला सहज सुचते. १७३९ च्या मोहिमेनंतर येथून नेलेल्या पोर्तुगीज घंटा आजही महाराष्ट्रातल्या काही देवळांत वाजतात.)

दुसरी वाट सूर साठवण्याची. खऱ्या ढोलकीचा ठोका मायक्रोफोनसमोर वाजवायचा, त्याच्या लहरीची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करायची आणि ते आकडे साठवून ठेवायचे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपांपर्यंतचा सूर ऐकू येतो आणि मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक व्हावी लागते, म्हणून हा आकडा. एका मिनिटाच्या दुहेरी ध्वनिमुद्रणाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. एकेकाळी ही जागा फार महाग होती; आज ती प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये पडून आहे. सारी क्रांती एवढ्याचीच आहे, असे मला वाटते.

या दोन्ही वाटांना जोडणारा तिसरा दुवा म्हणजे १९८३ साली ठरलेली ‘मिडी’ ही यंत्रांची सामाईक भाषा. मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, फक्त निरोप जातो : अमुक पट्टी दाबली, इतक्या जोराने दाबली, आता सोडली. जोराचे माप ० ते १२७. ऑक्टापॅडच्या रबरी चौकोनावर काठी पडते तेव्हा आत हाच निरोप तयार होतो. पहिला ऑक्टापॅड १९८५ च्या सुमाराचा. १९९८ चा एसपीडी-२० हा नमुना आपल्याकडे इतका रुळला की आमच्या भागात ‘पॅड’ म्हटले की तोच समजावा. त्यात तबला, ढोलक सारे आहे. पण जे आहे ते कारखान्यात भरलेले. आपल्या आळीतल्या ढोलकीचा ठोका त्यात भरता येत नाही. ती सोय नंतरच्या एसपीडी-एसएक्स (२०११) सारख्या महागड्या पॅडमध्ये आली आणि मोबाइलच्या ॲपमध्ये जवळजवळ फुकट आली. आयफोनवर गॅरेजबँड, इतर मोबाइलवर बँडलॅब किंवा एफएल स्टुडिओ मोबाइल, संगणकावर ऑडॅसिटी. नावे पुष्कळ आहेत, काम एकाच जातीचे.

आता मूळ प्रश्न. ही ॲप उघडली की ठेका बसवण्यासाठी पडद्यावर बहुधा एका ओळीत सोळा चौकटी दिसतात. चार-चारचे चार गट. ज्या चौकटीवर बोट ठेवाल त्या ठिकाणी ठोका पडतो आणि ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ही मांडणी टीआर-८०८ सारख्या यंत्रांच्या काळापासून चालत आलेली आहे. पाश्चात्त्य नृत्यसंगीताला ती सोयीची, कारण ते बहुतेक चार मात्रांचे असते.

परंतु आपली कोळीगीते आणि हळदीची कितीतरी गाणी सहा मात्रांच्या, दादऱ्याच्या अंगाने झुलणाऱ्या ठेक्यात आहेत. एका मात्रेला दोन चौकटी दिल्या तर एका आवर्तनाला बारा लागतात. सोळातून बारा गेले, चार उरले. म्हणजे आवर्तन पुरे होऊन दुसरे सुरू झाल्यावर तिसऱ्या मात्रेला यंत्र उडी मारून पुन्हा पहिल्यावर येते. ठेका मोडतो. नवशिका मुलगा यावर काय करतो? तो चौकटी बदलत नाही, गाणे बदलतो. सहा मात्रांची चाल ओढूनताणून आठ मात्रांच्या कहरव्यात बसवतो, खाली एक जड धमक देतो आणि त्याला ‘रीमिक्स’ म्हणतो. आमच्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत अशी कितीतरी गाणी चौकोनी झालेली मी ऐकली आहेत. लोक म्हणतात, अभिरुची बिघडली. मला तसे वाटत नाही. पुष्कळ वेळा कारण एवढेच असते की सोळाला सहाने भाग जात नाही.

उपाय अगदी साधा आहे. गाणे सुरू करण्यापूर्वी ॲपच्या मांडणीत जाऊन ताल ६/८ करावा. गॅरेजबँडमध्ये ही निवड तयार आहे. जेथे नाही तेथे ओळीची लांबी सोळावरून बारावर आणावी. जुन्या ८०८ मध्येसुद्धा बारा पायऱ्यांची सोय होती. मग पहिल्या चौकटीवर ढोलकीची धूम, सातव्या चौकटीवर तिच्याहून हलकी. खुळखुळा १, ३, ५, ७, ९, ११ या चौकटींवर. आणि सहाव्या व बाराव्या चौकटीवर अगदी हळू एकेक टिचकी. एवढे केले की ठेका होडीसारखा हलू लागतो.

तरीही पुरता हलत नाही. हे मला आमच्या गावातल्या एका जुन्या ढोलकीवाल्या काकांनी दाखवले. मी केलेला ठेका त्यांना ऐकवला. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “बरोब्बर वाजतंय रे, पण झोक कुठाय? ह्याच्यावर बायका नाचायच्या नाहीत.” मग त्यांचीच ढोलकी मोबाइलवर मुद्रित केली आणि ऑडॅसिटीत लहर मोठी करून पाहिली. त्यांचा दुसऱ्या मात्रेचा ठोका नेमक्या जागी पडत नाही, किंचित मागे रेंगाळतो. तिसरा ती उणीव भरून काढतो. हे प्रत्येक आवर्तनात होते, म्हणजे ती चूक नव्हे, ती त्यांच्या हाताची रीत आहे. ॲपमध्ये ‘क्वांटाइझ’ नावाची एक सोय असते. ती दाबली की असे सगळे रेंगाळलेले ठोके ओढून रेषेवर आणले जातात. बऱ्याच ॲपमध्ये ही ओढ किती टक्के हवी ते ठरवता येते. ती निम्म्यावर ठेवावी, किंवा ढोलकीच्या बाबतीत ती वापरूच नये.

सुरांच्या बाबतीतही असेच एक कोडे आहे. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्यामुळे शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याशी जुळणारा गंधार ३८६ च्या आसपास असतो. या चौदा सेंटवरून महाराष्ट्रात पूर्वी पेटीबद्दल केवढा वाद झाला! आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला दार बंद ठेवले. आणि त्याच पेटीवर गोविंदराव टेंब्यांनी रसिकांना वेड लावले होते. कीबोर्डवर आज तोच वाद लागू पडतो. पण हळदीच्या मांडवात चौदा सेंटने कोणाचे बिघडत नाही. तेथे बिघडते ते पट्टीने. आमच्या मावशी गाणे उचलतात तेव्हा कोणाला पट्टी विचारत नाहीत. त्यांचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये कोठेतरी असतो. पूर्वी ढोलकी आणि टाळ्या यांना त्याची पर्वा नव्हती. कीबोर्ड आल्यावर वादक म्हणू लागले, “मावशी, जरा वर घ्या,” आणि दोन-चार हळदींनंतर मावशींनी गाणेच सोडले. वास्तविक बहुतेक कीबोर्डमध्ये सूक्ष्म जुळवणीची सोय असते, सारे वाद्य थोडे खाली-वर सरकवता येते. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. वाद्याने माणसाकडे सरकावे, हे सांगायला कोणी संगीतज्ञ लागत नाही.

एक व्यावहारिक सूचना मध्येच करतो, कारण ती पुष्कळांच्या उपयोगी पडेल. मोबाइलवर बोट ठेवल्यापासून आवाज येईपर्यंत थोडा वेळ जातो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाचा उशीर हा साडेतीन मीटरवर बसलेल्या वादकाला ऐकण्यासारखा, तो चालतो. ब्लूटूथ स्पीकर लावला की हाच उशीर सहज दहापट किंवा जास्त होतो, म्हणजे ढोलकी मांडवाच्या पलीकडे रस्त्यावर नेऊन ठेवल्यासारखे. ॲप वाजवताना स्पीकरला तारच लावावी.

सरतेशेवटी ठोके साठवण्याविषयी. पावसाळा संपल्यावर मी काकांच्या ढोलकीचे एकेक बोल मुद्रित करण्यास सुरुवात केली. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, मोबाइल वीतभर अंतरावर. प्रत्येक बोल हळू, मध्यम आणि जोरात, असा तीन वजनांत आणि प्रत्येक वजनात चार-चार वेळा; कारण एकच मुद्रित ठोका पुन्हा पुन्हा वाजला तर कान लगेच ओळखतो, शिवणयंत्र चालल्यासारखे वाटते. अशाच रीतीने घुमटाचेही बोल घ्यावेत असा विचार आहे. घोरपडीच्या कातड्याचा घुमट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंद झाला, आता बकऱ्याचे कातडे लावतात आणि जुने लोक म्हणतात की नाद बदलला. जुना नाद कोणी साठवून ठेवला असता तर आज तुलना करता आली असती.

काम अर्धे झाले तेव्हा काकांनी एक प्रश्न विचारला. “माझा हात तुझ्या मोबाइलात गेला. आता मला हळदीला कोण बोलावणार?” प्रश्न खरा आहे. आमच्याच पार्टीत पूर्वी ताशा, ढोलकी, खुळखुळा यांना वेगवेगळी माणसे होती. आता ती कामे एक पॅडवाला करतो. यजमानाला खर्च कमी येतो, हेही खरेच. मी काकांना सांगितले की ते ज्या रात्री येतील त्या रात्री हे ठोके वाजवायचे नाहीत, आणि ते नसतील त्या रात्री वाजले तर त्यांचा वाटा त्यांना पोचवायचा. पार्टीतल्या इतरांनी याला रुकार दिला आहे. आजवर दोनदा तसा वाटा दिला. बाहेरच्या दोन पार्ट्यांनी हे ठोके माझ्याकडे मागितले आहेत. त्यांना ते द्यावेत की नाही हे काका ठरवतील, आणि त्यांनी अजून काही सांगितलेले नाही.