चित्रवाचनाचा एक पाठ : गजबजलेले बंदर
(इयत्ता ५ वी ते ७ वी)

उद्देश : रंग केवळ वस्तूची ओळख देत नाहीत, पाहणाराच्या मनातील भावही ते प्रकट करतात, हे मुलांस उमगावे.

शिक्षकांसाठी माहिती : फ्रेंच चित्रकार आंद्रे देरँ (१८८०–१९५४) ह्याने १९०६ साली ‘द पूल ऑफ लंडन’ हे तैलचित्र रंगविले. येथे ‘पूल’ म्हणजे सेतू नव्हे. लंडन ब्रिजच्या खालच्या अंगास टेम्स नदीत मालाच्या चढउतारासाठी जहाजे थांबत, त्या भागाचे ते नाव होय. समोर जहाजांची दाटी असून दूरवर टॉवर ब्रिज दिसतो. मालाची ती वर्दळ आता तेथे उरलेली नाही; चित्र मात्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.

मोनेची धुक्यातील टेम्सची चित्रे १९०४ मध्ये पॅरिसमध्ये गाजली होती. त्यानंतर व्होलार ह्या चित्रव्यापाऱ्याने देरँला लंडनला पाठविले. देरँने मात्र तीच नदी तांबड्या, निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांनी उजळून टाकली. तांबडा-नारिंगी हे उष्ण रंग डोळ्यांस जवळ भासतात, निळे-हिरवे शीत रंग दूर सरल्यासारखे वाटतात. दोहोंचा विरोध साधला की स्थिर चित्रातही लगबग जाणवते.

पाठाचे टप्पे :
१. चित्र मिळाल्यास दोन मिनिटे मुकाट्याने पाहू द्यावे. मग विचारावे : येथे कोणते काम चालले आहे? कोणते आवाज येत असतील? कोणता रंग प्रथम दिसला?
२. चित्र नसल्यास वरील वर्णन सांगून आठवडे बाजाराचे किंवा खळ्याचे चित्र काढवावे. गेरू, हळद, नीळ व कोळसा एवढे साहित्य पुरेसे आहे.
३. एकच देखावा एकदा पहाटेच्या शांततेचा व एकदा ऐन गर्दीचा रंगवून घ्यावा आणि रंग का बदलले ते मुलांकडूनच वदवावे.

सावधगिरी : नकाशा वा शास्त्राची आकृती ह्यांत अचूकपणाच हवा. परंतु भावचित्रात “पाणी निळेच हवे” म्हणून वहीवर फुली मारू नये. त्या फुलीने मूल रंग सुधारीत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे मात्र सोडून देते. “भडक रंग लावा” असा हुकूमही देऊ नये, कारण तीही नक्कलच. “हा रंग का घेतलास?” एवढेच विचारावे व उत्तराची वाट पाहावी. मुलाने तीन शब्दांत कारण सांगितले, तरी पाठ सफळ झाला असे समजावे.