सुपरवायझर झालीस, आता माणसं ओळख

अगं, वाळूजच्या कंपनीत तुला शिफ्ट सुपरवायझर केलं म्हणून आईचे सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले. तुझा आवाज मात्र धास्तावलेला वाटला. "ताई, मी पडले मवाळ. वयानं मोठी माणसं माझं ऐकतील का?" असं विचारलंस, म्हणून जरा निवांत सांगते.

पुढारीपण रक्तातच असावं लागतं, हे आधी डोक्यातून काढ. एके काळी अभ्यासकही नेत्याच्या अंगभूत गुणांच्या याद्या करायचे. सगळीकडे लागू पडेल अशी एकही यादी निघाली नाही. आपलंच शहर बघ. 1610 मध्ये खडकी या नावानं ते वसवलं मलिक अंबरनं. हबशी मुलखात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. मुघलांएवढी फौज त्याच्यापाशी नव्हती. पण मराठा घोडेस्वारांना इथले डोंगर-घाट पाठ आहेत हे त्यानं हेरलं, आणि लढायची रीतच त्यांच्या बळावर बेतली. कोणाला काय येतं ते ओळखायचं आणि त्याला तिथं उभं करायचं, हे शिकता येतं गं.

हर्सी आणि ब्लँचर्ड या नेतृत्वाच्या अभ्यासकांनी 1969 मध्ये हेच मांडलं: सगळ्यांना एकच माप लावू नका. तुझ्या लाइनवर नवा ट्रेनी आला, तर शेजारी उभी राहून गेज कसा लावायचा, कुठला पार्ट बाजूला काढायचा, हे हातानं करून दाखव. ज्याला काम येतं पण धीर होत नाही, त्याला नुसती सूचना देऊ नकोस. त्याचं मत विचार, पाठीशी राहा. आणि वीस वर्षं त्याच मशीनवर असलेल्या काकांच्या डोक्यावर उभी राहू नकोस. टार्गेट सांग, "काका, आज रिजेक्शन का वाढलं असेल?" एवढं विचार, आणि ते बोलतील ते ऐकून घे.

ओरडून काम होतं, असं तुला पुष्कळजण सांगतील. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1930 च्या दशकाअखेर मुलांच्या गटांवर प्रयोग केले. ज्या गटाचा म्होरक्या हुकूमशहासारखा वागायचा, तिथं तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळायचं. नाइट शिफ्टला तू प्रत्येक मशीनपाशी थोडीच असणार आहेस?

आणखी एक. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीम तपासल्या. चांगल्या टीमच्या नोंदीत चुका कमी नाहीत, उलट जास्त सापडल्या, कारण तिथली माणसं चुका लपवत नव्हती. म्हणून कुणी खराब पार्ट घेऊन आलं, तर तुझा पहिला शब्द "बरं झालं सांगितलंस" हा असू दे. कारण शोधायचं ते त्यानंतर. एकदा चारचौघांत कुणाचा पाणउतारा केलास, तर पुढचा खराब पार्ट थेट गिऱ्हाइकाकडे जाईल.

मवाळ राहा, ढिली राहू नकोस. सेफ्टीच्या नियमात काकांनाही सूट नाही. ते मात्र बाजूला घेऊन, मान राखून सांग. उद्या शिफ्टच्या आधी थोडी लवकर जा, एकेकाला भेट, आणि कोणाला काय येतं, काय शिकायचंय ते वहीत लिही. रविवारी ती वही घेऊन घरी ये, आपण दोघी मिळून बघू.