सांडपाण्याची साक्ष

[जी वस्तू आपण टाकाऊ मानतो, तिच्यातही ज्ञान दडलेले असू शकते. गावाचे सांडपाणी तपासून रोगाची चाहूल कशी घेतात, हे प्रस्तुत पाठात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितले आहे.]

गटाराजवळून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि पाऊल उचलतो. घरातील मोरीचे व शौचकूपाचे पाणी एकदा नळातून नाहीसे झाले, की त्याचा व आपला संबंध संपला असे आपणांस वाटते. परंतु हे पाणी पुढे कोठे जाते, आणि जाताना आपल्याविषयी काय सांगत जाते, याचा विचार कधी तुमच्या मनात आला आहे काय?

मी शाळेत शिकत असताना आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणितात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण त्याच्या उजव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट असे. खोखोचा डाव सुरू झाला, की तो मैदानाच्या कडेला बसून आमचे गुण मांडत असे. दोन वर्षांचा असताना त्याला चार दिवस ताप आला, एवढेच त्याच्या आईला आठवत होते. तो ताप पोलिओचा होता. पुढे शिक्षक झाल्यावरही प्रत्येक नव्या वर्गात असे एखादे मूल मला दिसे. तुमच्या वर्गात तसे मूल बहुधा दिसणार नाही. हा बदल कसा घडला, त्या कथेत सांडपाण्याचाही वाटा आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, आतड्यांत वाढतो आणि मलावाटे बाहेर पडतो. त्याची कपटनीती अशी, की तो बहुतेकांना काहीच त्रास देत नाही. ज्यांच्या शरीरात तो शिरतो, अशा सुमारे दोनशे जणांपैकी एखाद्याचेच अवयव लुळे पडतात. उरलेली मुले हसतात, खेळतात आणि नकळत अनेक आठवडे विषाणू बाहेर टाकत राहतात. म्हणून एक मूल पांगळे होऊन डॉक्टरांकडे येते, तेव्हा विषाणू गुपचूप शेकडो घरे हिंडून आलेला असतो. घराला आग लागल्यावर विहीर खणावयास घ्यावी, तशी ही स्थिती. रोगी सापडण्यापूर्वीच रोगाचा माग लागावा, यासाठी काय करावे?

उत्तर गटारात होते. रोगी असो वा निरोगी दिसणारा असो, श्रीमंत असो वा गरीब असो, साऱ्या वस्तीचा मैला एकाच प्रवाहात मिळतो. जे हजारो मुलांना एकेक करून तपासल्याने कळावयाचे, ते त्या प्रवाहाच्या एका बाटलीतून कळू शकते. ही कल्पना नवी नव्हे. १९३९ साली अमेरिकेतील चार्ल्स्टन शहरात पोलिओची साथ आली असता जॉन पॉल व जेम्स ट्रास्क या येल विद्यापीठातील संशोधकांनी तेथील सांडपाण्यात हा विषाणू असल्याचे दाखवून दिले होते.

आपल्या देशात या कामाचा आरंभ मुंबईत झाला. २००१ सालापासून मुंबईच्या सांडपाण्यातील पोलिओ विषाणूंचा शोध नियमितपणे घेतला जाऊ लागला. परळ येथील हाफकिन संस्थेच्या आवारातील एंटेरोव्हायरस संशोधन केंद्रात ही तपासणी होत असे.

या तपासणीची रीत समजून घेऊ. सकाळी घरोघरी नळ वाहत असतात, त्या वेळी ठरलेल्या जागी जाऊन सुमारे एक लिटर सांडपाणी बाटलीत भरतात. ती बाटली बर्फाच्या पेटीत ठेवून प्रयोगशाळेत आणतात. एवढ्या पाण्यात विषाणू फार विरळ असतात. म्हणून प्रथम पाणी आटवल्याप्रमाणे त्यातील विषाणू थोडक्या द्रवात एकवटून घ्यावे लागतात. मग तो द्रव काचपात्रात वाढवलेल्या जिवंत पेशींवर सोडतात. विषाणू असल्यास पेशी मरू लागतात. त्यानंतर त्या विषाणूची जनुकीय रचना वाचतात. बोलीवरून माणूस खानदेशातला की कोकणातला, हे आपण ओळखतो. त्याचप्रमाणे या रचनेवरून तो विषाणू कोणत्या प्रदेशातील विषाणूंच्या वंशातला, हे शास्त्रज्ञ ओळखतात.

मुंबईत सापडलेल्या काही विषाणूंचे नाते अशा रीतीने उत्तर प्रदेशात फिरणाऱ्या विषाणूंशी जुळले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पोटासाठी आलेल्या माणसाच्या माथी रोगाचा दोष मारणे अन्यायाचे आहे. विषाणूला प्रांत नाही, जात नाही. तो माणसाबरोबर चालतो आणि माणसे तर चालणारच. दोष कोणाचा, हे ठरविणे हा या शोधाचा हेतू नव्हे. लस कोणत्या वस्तीत आधी पोहोचवावी, हे कळावे म्हणून तो करावयाचा.

१९९५ पासून देशात पल्स पोलिओची मोहीम चालू होती. लाखो कार्यकर्ते दारोदार, रेल्वे स्थानकांवर, वीटभट्ट्यांवर जाऊन मुलांच्या तोंडात लसीचे थेंब घालीत होते. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रोगी होते. २०१० साली ते ४२ वर आले. मुंबईच्या सांडपाण्यात नैसर्गिक पोलिओ विषाणू शेवटचा आढळला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातील त्याचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. ती दोन वर्षांची एक बालिका होती. पुढे २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश ज्यात येतो तो सारा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त ठरविला. रोगी नाहीत एवढ्यावर असा निर्णय करणे धोक्याचे असते. गटारे काय सांगतात, तेही ऐकावे लागते.

गटाराने वेळीच दिलेल्या इशाऱ्याचे एक उत्तम उदाहरण इस्राएलमधील आहे. २०१३ साली त्या देशातील नेगेव्ह भागातल्या राहत गावाच्या सांडपाण्यात पोलिओचा नैसर्गिक विषाणू आढळला. एकाही मुलाला पांगळेपणा आलेला नव्हता. तेथे मुलांना टोचून देण्याची लस मिळत असे. ती पांगळेपणापासून वाचवते. परंतु आतड्यांतील विषाणूची वाढ पुरती थांबवत नाही. सरकारने त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून लाखो मुलांना तोंडावाटे लस दिली. विषाणूचा फैलाव थांबला आणि एकही मूल पांगळे झाले नाही.

२०२० साली कोविडची महामारी आली, तेव्हा हीच विद्या कामी आली. नेदरलँड्समधील आमर्सफोर्ट शहरात पहिल्या रोग्यांची नोंद होण्यापूर्वीच तेथील सांडपाण्यात कोविडच्या विषाणूचा अंश सापडला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात तो आढळताच तेथील ३११ जणांची तपासणी झाली. दोघांना संसर्ग झालेला होता. पण दोघांनाही कसलेच लक्षण नव्हते. त्यांना वेगळे ठेवल्याने संसर्ग इतरांत पसरण्यास आळा बसला.

तथापि या साक्षीलाही मर्यादा आहेत. मुसळधार पाऊस पडला, की सांडपाणी पातळ होते व विषाणू हाती लागणे कठीण जाते. एका बाटलीत विषाणू मिळाला नाही, म्हणजे वस्तीत तो नाहीच, असे म्हणता येत नाही. ज्या खेड्यांत घरोघरी शोषखड्डे आहेत, तेथे सर्वांचे पाणी एकत्र मिळतच नाही. शिवाय मोठ्या शहराचे गटार कोणाचे नाव सांगत नाही, हा त्याचा मोठेपणा आहे. पण एखाद्या लहान वसतिगृहाचे पाणी तपासले, तर बोट थेट दोघाचौघांकडे वळते. तेव्हा या ज्ञानाचा उपयोग माणसाला वाचविण्यासाठी व्हावा, वाळीत टाकण्यासाठी होऊ नये.

मुलांनो, भल्या पहाटे मैल्याच्या काठी उभे राहून बाटली भरणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. त्याच्या हातांना घाण लागली असेल. पण त्या हातांनी कित्येक मुलांचे पाय राखले. मैदानाच्या कडेला बसून गुण मांडणारा माझा तो सोबती मला आजही आठवतो. तुमच्या वर्गातील सारी मुले खोखोच्या डावात धावत असतील, तर त्यामागे अशा अनेक अनामिकांचे श्रम आहेत, हे विसरू नका.

शब्दार्थ
शौचकूप – संडास. माग लागणे – पत्ता, ठावठिकाणा कळणे. हात धरणे – बरोबरी करणे. माथी मारणे – दुसऱ्यावर लादणे. वाळीत टाकणे – समाजातून बाहेर काढणे. अनामिक – ज्याचे नाव ठाऊक नाही असा.

अभ्यास
१. पोलिओचा रोगी सापडेपर्यंत थांबणे धोक्याचे का असते?
२. सांडपाण्यातील विषाणू कसा शोधतात, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.
३. इस्राएलमध्ये रोगी नसतानाही लस का दिली गेली?
४. ‘गटार कोणाचे नाव सांगत नाही, हा त्याचा मोठेपणा आहे’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
५. ‘हात धरणे’ व ‘वाळीत टाकणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
६. तुमच्या गावातील सांडपाणी कोठे जाते, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती घेऊन टिपण लिहा.